सोरायसिस की नायटा? मलम लावण्याआधी हे पाहा

अंगावर कोरडा, खाजरा, खवले सुटणारा चट्टा उठला की पहिला अंदाज नायट्याचा, म्हणजे गजकर्णाचा असतो. कुणीतरी आपल्याकडचं उरलेलं मलम देतं, चार दिवसांत चट्टा फिका पडतो आणि अंदाज बरोबर निघाला असं सगळ्यांना वाटतं. घोळ इथूनच सुरू होतो. अशा मलमात बरेचदा स्टेरॉइड असतं आणि स्टेरॉइडने सोरायसिसही दबतो, नायट्याची लाली आणि खाजही दबते. सोरायसिसचं ते औषध आहे, नायट्याला मात्र ते खतपाणी. म्हणून चट्टा फिका पडला एवढ्यावरून निदान ठरवू नका.

नायटा हा बुरशीचा संसर्ग. ट्रायकोफायटॉन आणि तिच्या जातीच्या बुरशी कातडीच्या वरच्या मृत थरातल्या केराटिन या प्रथिनावर जगतात. त्यांना ऊब आणि ओल मानवते, त्यामुळे जांघ, कंबर, बगल, पायाच्या बोटांच्या बेचक्या ही त्यांची आवडती ठिकाणं. टॉवेल, अंतर्वस्त्रं, अंथरूण, पाळीव मांजर-कुत्रं यांच्यामार्फत नायटा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. घरात दोघा-तिघांना एकाच सुमारास खाज सुटली असेल, तर संशय आधी बुरशीवर घ्यावा.

सोरायसिसमध्ये बाहेरून कुणी आलेलं नसतं. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच कातडीला चिथावत राहते. कातडीची पेशी तळाशी तयार होऊन वर येऊन गळून पडायला एरवी साधारण महिना घेते. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास काही दिवसांत उरकतो. अर्धवट पिकलेल्या पेशी एकावर एक साचतात आणि तेच ते जाड, रुपेरी खवले. प्रवृत्ती आनुवंशिक असू शकते. पेटायला मात्र निमित्त लागतं: घशाचा जंतुसंसर्ग, मानसिक ताण, धूम्रपान, दारू, मनोविकारांवरच्या लिथियमसारखी किंवा रक्तदाबासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गटातली औषधं.

स्पर्शाने, कपड्यांतून, शेजारी झोपल्याने किंवा शरीरसंबंधाने सोरायसिस पसरत नाही. हे मला ठासून सांगायचं आहे, कारण नायट्याचा शिक्का बसलेल्या सोरायसिसच्या रुग्णाला लोक हात मिळवायलाही कचरतात, आणि तो माणूस उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत स्वतःला झाकून घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने २०१४ साली सोरायसिसवर ठराव केला, त्यात तो असंसर्गजन्य आजार असल्याचं स्पष्ट म्हटलं आहे आणि रुग्णांच्या वाट्याला येणाऱ्या भेदभावाचीही दखल घेतली आहे.

आता चट्टा जवळून पाहू. नायट्याची कड जिवंत असते. किंचित उठलेली, बारीक पुरळ-पापुद्र्यांची कड बाहेर सरकत जाते आणि मधला भाग निवळत जातो, म्हणून गोल कडं दिसतं. सोरायसिसचा चट्टा मधोमधही तितकाच जाड आणि कडेला रेघ मारल्यासारखा तुटक संपणारा. वरचे खवले खरवडले तर मेणबत्तीच्या मेणासारखा भुगा निघतो, त्याखालचा पातळ पडदा सुटला की टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटतात. डॉक्टर ही खूण मुद्दाम पाहतात. तुम्ही घरी पाहू नका. ओरखडा, कापणं, भाजणं झालेल्या जागी नवा सोरायसिस उगवू शकतो, त्यामुळे खवले उपटणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं.

जागाही बोलते. दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे, कंबरेचा खालचा भाग, कानामागे, बेंबीत, टाळूवर केसांच्या रेषेबाहेर डोकावणारे चट्टे असतील, तर ते सोरायसिसकडे बोट दाखवतात. नायटा सहसा असा दोन्ही बाजूंना जोडीने येत नाही. रंगावर मात्र फार विसंबू नका. गोऱ्या कातडीवर गुलाबी-लाल दिसणारा सोरायसिस सावळ्या कातडीवर जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसतो आणि बरा झाल्यावरही डाग बराच काळ मागे ठेवतो.

फसगत होते ती तीन ठिकाणी. घड्यांमधल्या सोरायसिसला खवलेच नसतात, जांघेत किंवा स्तनांखाली नुसता गुळगुळीत, चकाकता चट्टा दिसतो आणि तो हमखास नायटा समजला जातो. नखांचं तसंच: दोन्हींत नखं जाड होतात, पिवळी पडतात, बोटापासून सुटतात. नखावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील तर कल सोरायसिसकडे. पण एकाच नखात दोन्ही आजार नांदू शकतात. तिसरी फसगत आपणच घडवतो. स्टेरॉइड लावलेल्या नायट्याची ओळखीची कड पुसली जाते आणि तो भलत्याच रूपात लांबवर पसरतो. वैद्यकीय लिखाणात १९६८ सालापासून या छुप्या नायट्याला स्वतंत्र नाव आहे, तरी तो आजही सर्रास दिसतो.

अशा वेळी नजरेपेक्षा साधी तपासणी जास्त भरवशाची. चट्ट्याच्या कडेवरून बोथट पात्याने थोडे पापुद्रे काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि थोडा वेळ थांबतात. केराटिन विरघळतं, पण बुरशीचे फाटे फुटलेले लांब धागे सूक्ष्मदर्शकाखाली तसेच उरतात. दुखत नाही, वेळ लागत नाही. शंका उरलीच तर कातडीचा छोटा तुकडा काढून तपासतात. ज्या चट्ट्यावर महिनोन्‌महिने मलमं चोळली जातात, त्याची ही तपासणी एकदाही झालेली नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

नायट्याचा उपचार सरळ आहे, चिकाटी तेवढी हवी. बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं अंतरापर्यंत लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं. जास्त पसरला असेल तर गोळ्या लागतात. टॉवेल वेगळा, कपडे रोज धुतलेले आणि नीट वाळलेले, घरातल्या इतर बाधितांचा उपचार त्याच वेळी. काही बुरशी टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाला दाद देईनाशा झाल्या आहेत, तेव्हा गुण येत नसेल तर मनानेच डोस वाढवू नका. आणि हेच टर्बिनाफिन काही जणांत सोरायसिस भडकवू शकतं. सोरायसिसला नायटा समजून गोळ्या घेत राहण्यात हाही धोका आहे.

सोरायसिसचा हिशेब लांबचा. तो कायमचा जात नाही, पण आटोक्यात राहतो, आणि आजच्या औषधांनी अनेकांची कातडी जवळजवळ स्वच्छ होते. मोजक्या चट्ट्यांना स्टेरॉइड मलम, ड जीवनसत्त्वाच्या जातीचं कॅल्सिपोट्रिऑल, कोलटार किंवा खवले मऊ करणारं सॅलिसिलिक ॲसिड पुरतं. अंघोळीनंतर कातडी ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर लावणं हा उपचाराचाच भाग धरा. त्याने भागलं नाही तर ठरावीक तरंगलांबीच्या अतिनील किरणांचा उपचार, त्यापुढे गोळ्या आणि बायॉलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतला ठरावीक दुवा रोखणारी औषधं. बायॉलॉजिकच्या आधी क्षयरोगाची तपासणी करतात, ती टाळू नका. मेथोट्रेक्सेट ही गोळी सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवून घ्या आणि तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा.

स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं सोरायसिसवर परस्पर घेऊ नयेत. सुरुवातीला चमत्कार वाटतो, बंद केल्यावर आजार पूर्वीपेक्षा जोरात उसळू शकतो. अंगभर लाली, पूभरले फोड, थंडी-ताप असं काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

सांध्यांकडेही लक्ष असू द्या. सोरायसिस असलेल्यांपैकी बऱ्याच जणांना सांध्यांचा विकार जडतो आणि वेळेत उपचार न झाल्यास झीज भरून येत नाही. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा आखडलेपणा, अख्खं बोट सुजणं, टाचदुखी या तक्रारी त्वचारोगतज्ज्ञालाच सांगा, त्यांचा चट्ट्यांशी संबंध असू शकतो. वजन, साखर, रक्तदाब अधूनमधून तपासा. मन खचलं असेल तर तेही बोला. या आजारात नैराश्य वरचेवर आढळतं आणि त्यावरही उपचार आहे.

डॉक्टरांकडे जाताना आजवर लावलेल्या मलमांच्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, सोबत न्या. नुकतंच बुरशीनाशक लावलेलं असेल तर ते आधी सांगा, कारण तशा कातडीवर बुरशी असूनही ती तपासणीत निसटू शकते.