धार्मिक सूट, आरोग्यसक्तीतील (ग्रामीण विदर्भ)

लस टोचून घेणे, रोग्याला वेगळे ठेवणे यांसारखी शासनाने आरोग्यासाठी सक्तीची केलेली गोष्ट धर्मश्रद्धेमुळे नाकारण्याची कायद्याने दिलेली मुभा. १८८०च्या लसीकरण अधिनियमात अशी मुभा नव्हती, साथरोग अधिनियम १८९७ मध्येही नाही. विदर्भातल्या खेड्यांत श्रद्धेपोटी नकार मात्र होता, आणि तो समजून घ्यायचा तर ‘देवी’ या शब्दापासून सुरुवात करावी लागते.

मराठीत रोग (स्मॉलपॉक्स) आणि देवता यांना ‘देवी’ हे एकच नाव आहे. हे नाव रोगाला केव्हा चिकटले याबद्दल एकमत नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांपैकी सुश्रुतसंहितेत ‘मसूरिका’, म्हणजे देवीचा रोग, क्षुद्ररोगांत (किरकोळ रोगांत) मोडते. सामान्यतः आठव्या शतकाच्या आसपासच्या मानल्या जाणाऱ्या माधवनिदानात तिला स्वतंत्र अध्याय मिळतो. बहुधा सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तिच्याबरोबर शीतलादेवी येते. यावरून काही अभ्यासक असे मानतात की मधल्या काळात रोग उग्र झाला आणि त्याबरोबर देवताही उदयास आली. देवता लोकांत आधीपासून होती, ग्रंथांत उशिरा शिरली, असे दुसरे मत आहे. विदर्भापुरते हे दुसरे मत अधिक पटते. इथली माता माय ही बहुतेक ठिकाणी गावाच्या शिवेवर, निंबाखाली, शेंदूर लावलेला दगड असते. तिला संस्कृत नाव नाही, आणि तिची पूजा घरच्या बायाच करतात.

‘देवी काढणे’ म्हणजे लस टोचणे. यातल्या ‘काढणे’चा अर्थ अंगातली देवी बाहेर काढणे असाही लावता येतो, आणि दंडावर तिचा फोड उठवणे असाही. टोचून घेणाऱ्या मुलाला रोग झालेलाच नसतो, म्हणून दुसरा अर्थ सरस वाटतो. पण तो धरला तर सरकारी टोचणारा, म्हणजे देवीडॉक्टर, देवतेचे काम स्वतःच्या हातात घेतो. सुईच्या भीतीपेक्षा हा अधिकाराचा प्रश्न मोठा असावा. त्याच्या जोडीला एका मुलाच्या दंडावरची लस दुसऱ्याच्या दंडात घालण्याची जुनी पद्धत होती. जातीच्या विटाळाची भीती तिथून आली, आणि तिला धर्माचा आक्षेप म्हणणे कितपत योग्य, हा वादाचा मुद्दा आहे.

माता (म्हणजे देवी) आलेल्या घरात फोडणी देत नसत, दाराला निंबाचा डहाळा लावत, परक्याला आत घेत नसत, औषधही देत नसत. यातला शेवटचा नियम घातक होता. बाकीच्यांनी मात्र रोग्याचे विलगीकरणच साधत होते. ही सगळी रीत अडाणीपणाच्या एका खात्यात टाकणे अन्यायाचे आहे.

१८८०चा अधिनियम नगरपालिका आणि छावण्यांपुरता होता. तो लागू करता येण्याजोग्या प्रदेशांत मध्य प्रांत असल्याने कामठीची छावणी त्याच्या कक्षेत येऊ शकत होती, भोवतालची खेडी नव्हती. वऱ्हाड तर निजामाने १९०२ साली इंग्रजांना दिलेल्या कायम पट्ट्यापूर्वी आणि नंतरही नावाने निजामाचाच मुलूख होता, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तिथे आपोआप चालत नसत. रोग्याच्या फोडातला द्रव निरोग्याला टोचण्याचे जुने देशी तंत्र १८८०च्या अधिनियमाने गुन्हा ठरवले, आणि नव्या लसीतून सूट ठेवली ती प्रकृतीच्या कारणापुरती. खुद्द इंग्लंडमध्ये १८९८ साली सदसद्विवेकाचे कलम आले. लस बाळाला अपायकारक ठरेल असे आपण प्रामाणिकपणे मानतो, हे पालकाने दंडाधिकाऱ्यांना पटवून द्यायचे. १९०७पासून नुसते प्रतिज्ञापन पुरले. त्या कलमातही ‘धर्म’ हा शब्द नाही, हे बरेचदा विसरले जाते.

संविधानाच्या अनुच्छेद २५ व २६ मधले धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. म्हणजे मर्यादा मूळ हक्काच्या वाक्यातच आहे, आणि धर्माच्या नावाने सूट मागणाऱ्याची बाजू सुरुवातीलाच लंगडी पडते. २ मे २०२२ रोजी कोविड लसीच्या सक्तीविरुद्धच्या जेकब पुलियेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही बळजबरीने लस देता येणार नाही असे सांगितले, पण ते अनुच्छेद २१ मधल्या शारीरिक स्वायत्ततेच्या आधारे. खंडपीठात मूळचे अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. सामूहिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालण्याचा शासनाचा अधिकार याच निकालाने कायम ठेवला. त्यामुळे आज खेड्यात आशाताईला परत पाठवणाऱ्याला धर्माचे कारण द्यावे लागत नाही. साथीच्या काळात तिच्यावर हात उगारणे मात्र साथरोग अधिनियमाच्या २०२०च्या दुरुस्तीनुसार तीन महिने ते पाच वर्षे कैदेचा गुन्हा ठरू शकतो.

स्पष्ट लिहिलेली धार्मिक सूट आढळते ती वेगळ्याच ठिकाणी. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२९ ने पगडी घातलेल्या शिखाला हेल्मेटमधून वगळले आहे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी अधिनियम डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संमत झाला. त्यात विधीनुसार मुलांचे नाक-कान टोचणे आणि जैनांचे केशलोचन (केस उपटणे) यांना वगळले आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे मात्र गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. लस नाकारण्याचा उल्लेख या अधिनियमाच्या अनुसूचीत, म्हणजे गुन्ह्यांच्या यादीत, नाही.

मेळघाटात, धारणी-चिखलदरा तालुक्यांतल्या कोरकू पाड्यांवर, ‘डंबा’ची रीत आहे. पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देतात. कान टोचणे आणि डंबा, दोन्ही बाळाच्या अंगावर श्रद्धेने केलेल्या जखमा. पहिलीला कायद्यात जागा आहे, दुसरीवर गुन्हे नोंदले गेले आहेत. हा भेद योग्यच आहे, कारण डंब्याने उपचाराची वेळ जाते आणि बाळ दगावू शकते. पण चटका देणारा भूमका, म्हणजे कोरकूंचा पारंपरिक वैदू, हाच पाड्यावर सर्वांत आधी बोलावला जाणारा माणूस असतो. म्हणून रोग्याला उपकेंद्रात आणण्यासाठी त्यालाच सोबत घेण्याचे प्रयत्न आरोग्य यंत्रणेने केले आहेत.