अनुदानाचा प्रस्ताव करायला येताय? आधी शेड्यूल वनचा उतारा काढा

तालमीची व्यायामशाळा, महिला मंडळाचं सभागृह, वाचनालयाची खोली. कामं वेगवेगळी असली तरी अनुदानाचा प्रस्ताव लिहून घ्यायला आमच्याकडे येणाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न एकच असतो: "प्रस्ताव किती दिवसांत होईल?" कागद हातात असतील तर प्रस्ताव लिहायला फार वेळ लागत नाही. घोडं अडतं ते धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीपाशी, म्हणजे संस्थेचे विश्वस्त कोण हे जिथे लिहिलेलं असतं त्या शेड्यूल वनपाशी.

ठरावावर ज्यांची सही असते ते अध्यक्ष बऱ्याचदा त्या नोंदीत नसतातच. निवड झाली, हार-तुरे झाले, गणपतीच्या पत्रिकेत नवी नावं छापली. चेंज रिपोर्ट, म्हणजे कमिटी बदलल्याचा धर्मादाय कार्यालयाला द्यायचा अर्ज, तेवढा राहून गेला. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. उतारा काढल्यावर त्यावर जुनीच कमिटी दिसते, त्यातले एक-दोघे वारलेले. कागदोपत्री संस्था अजून त्यांच्याच ताब्यात!

मग आग्रह सुरू होतो, "आत्ताची कमिटी तेवढी चढवून टाका." मधल्या काळात तीन निवडणुका झाल्या असतील तर तिन्हींचे बदल अर्ज क्रमाने द्यावे लागतात. प्रत्येकासोबत त्या सभेची नोटीस, हजेरी, इतिवृत्त, नव्या सदस्यांची संमतीपत्रं आणि कुणी वारलं असेल तर मृत्यूचा दाखला. मुदत उलटलेली असली की विलंब माफीचा अर्ज वेगळा. शिवाय जुन्या कमिटीतला एखादा रुसलेला असतोच. त्याने हरकत घेतली की तारखा पडू लागतात, आणि प्रस्तावाची फाईल आमच्या कपाटात पडून राहते. मागच्या तारखेने प्रोसिडिंग बुक (सभांच्या इतिवृत्तांची वही) लिहून मात्र आणू नका. तसले कागद आम्ही लावत नाही, ओळखीचे असलात तरी.

२०१९ किंवा २०२१ च्या पुरात ज्यांचं दप्तर भिजलं, त्यांनी धीर सोडू नये. धर्मादाय कार्यालयात जे दाखल केलेलं आहे, त्याच्या प्रमाणित नकला मागता येतात.

उतारा पाहिल्याशिवाय आम्ही काम हातात घेत नाही, हा काहींना आडमुठेपणा वाटतो. "अमक्याने दोन दिवसांत करून दिला" असंही ऐकवलं जातं. करून देता येतो की! पण त्रुटीचं पत्र येईपर्यंत मार्च तोंडावर येतो आणि ३१ मार्चनंतर त्या वर्षाच्या तरतुदीचा भरवसा राहत नाही.

आमदार-खासदार निधी किंवा पंचवीस-पंधराबद्दल (ग्रामविकासाच्या २५१५ लेखाशीर्षाखालचा निधी) थोडं. शिफारसपत्र मिळालं म्हणजे पैसे आले, असं समजून काही जण ठेकेदाराला इसार देऊन मोकळे होतात. पत्रानंतर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता असा प्रवास असतो. काम सरकारी यंत्रणेमार्फत होतं, रक्कम मंडळाच्या खात्यावर येत नाही. ज्या योजनांत अनुदान थेट संस्थेला मिळतं, तिथे लेखापरीक्षण अहवाल बघतात आणि खर्चानंतर उपयोगिता प्रमाणपत्र मागतात. बांधकाम असेल तर जागा कुणाची हे सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर दिसलं पाहिजे. "पूर्वीपासून आमच्याच वापरात आहे" याला तिथे किंमत नाही.

आमची फी कामावर ठरते, मंजूर रकमेवर टक्केवारी आम्ही घेत नाही. मंजुरीची हमीही देत नाही. तशी हमी देणारा भेटला तर जरा जपूनच. चेंज रिपोर्ट थकला असेल तर वकिलांसह ते कामही आमच्याकडे होतं, आणि त्याच संस्थेचा प्रस्ताव पुढे आमच्याकडेच केला तर फीमध्ये सवलत देतो.

पहिली कागदपत्र तपासणी विनामूल्य आहे. येताना नोंदणी प्रमाणपत्र, घटना, शेड्यूल वनचा ताजा उतारा, ऑडिट आणि मूळ प्रोसिडिंग बुक आणा. शक्यतो सचिवांना सोबत घेऊन या, कारण कागद कुठे ठेवलेत हे अध्यक्षांना सहसा ठाऊक नसतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गर्दी असते, त्या काळात आधी फोन करून या.