'ऑगमेंट' आणि 'एन्हान्स': दोन्ही म्हणजे 'वाढवणे', पण कशाचे आणि कसे?

'ऑगमेंट' आणि 'एन्हान्स' या दोन इंग्रजी क्रियापदांपुढे कोशात 'वाढवणे' हा एकच अर्थ सापडतो, त्यामुळे स्पर्धा परीक्षेच्या निबंधात किंवा एखाद्या प्रकल्पाच्या अहवालात ती एकमेकांच्या जागी सहज लिहिली जातात. खरे तर त्यांनी सांगितलेली वाढ निरनिराळ्या जातीची आहे. मुळात जे आहे ते अपुरे पडते म्हणून त्यात आणखी काही आणून घालणे, म्हणजे भर घालणे किंवा जोड देणे, हे 'ऑगमेंट'. जे आहे त्याचाच दर्जा, मोल किंवा परिणाम उंचावणे, ते अधिक खुलवणे, हे 'एन्हान्स'.

नाशिक शहराला गंगापूर धरणाबरोबरच दारणा आणि मुकणे या धरणांतूनही पाणी मिळते. एका स्रोतावर भागत नाही म्हणून दुसरा जोडला जातो, तेव्हा पाणीपुरवठा 'ऑगमेंट' होतो. त्याच पाण्याची शुद्धता जलशुद्धीकरण केंद्रात वाढते, तेव्हा गुणवत्ता 'एन्हान्स' होते. सिंहस्थात एसटीच्या नेहमीच्या गाड्यांना जादा गाड्यांची जोड दिली जाते, तीही 'ऑगमेंट'च. त्या जादा गाड्यांमुळे प्रवाशांची सोय वाढली, तर त्या सोयीसाठी मात्र 'एन्हान्स' म्हणावे, कारण सोय ही मोजून ओतण्याची वस्तू नव्हे.

द्राक्षबागेत हा भेद अधिक स्पष्ट दिसतो. निफाड किंवा दिंडोरीचा बागायतदार विरळणी करतो, तेव्हा घडातले मणी संख्येने कमी होतात, परंतु उरलेल्या मण्यांची फुगवण चांगली होते आणि घडाला बाजारात अधिक मोल येते. काहीही बाहेरून न जोडता, उलट काही काढून टाकूनसुद्धा, जी वाढ साधता येते तिला 'एन्हान्स' हे क्रियापद नेमके लागू पडते; 'ऑगमेंट' तेथे चालणारच नाही. त्याच शेतकऱ्याने द्राक्षाच्या उत्पन्नाला दूधधंद्याची जोड दिली, तर त्याने आपले उत्पन्न 'ऑगमेंट' केले.

तंत्रज्ञानाच्या परिभाषेतही हीच रेषा पाळली गेली आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील क्रमांक ३ च्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. त्याच्या छायाचित्रातील उजेड आणि छाया यांतला फरक संगणकावर वाढवून झिजलेली अक्षरे ठळक केली, तर त्या प्रक्रियेला 'इमेज एन्हान्समेंट' म्हणतात, कारण दिसते ते सगळे मूळ दगडावरचेच असते. मात्र मोबाइल लेखासमोर धरताच पडद्यावर त्या ओळींवर देवनागरी लिप्यंतर उमटू लागले, तर ते 'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी'; तेथे खऱ्या दृश्यावर बाहेरची भर पडलेली असते. अभ्यासकाच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या चित्रावर पुरावा म्हणून विसंबता येते, तर दुसऱ्यातले लिप्यंतर हे कोणाचे तरी वाचन असते.

संस्कृत शिकलेल्यांना 'ऑगमेंट' समजण्याची आणखी एक वाट आहे. 'गच्छति' या वर्तमानकाळी रूपाचे भूतकाळी रूप 'अगच्छत्' होते, तेव्हा पुढे येऊन बसणाऱ्या 'अ'ला पाणिनीय परंपरा 'अट्' आगम म्हणते आणि इंग्रजीतून लिहिलेली संस्कृत व्याकरणे त्याला 'ऑगमेंट' हेच नाव देतात. आगम मित्रासारखा शेजारी येऊन बसतो आणि आदेश, म्हणजे मूळ अक्षराऐवजी येणारे दुसरे अक्षर, शत्रूसारखा जागा बळकावतो, असे वैयाकरण सांगत आले आहेत. 'ऑगमेंट'चा स्वभाव याहून नेमका सांगणे अवघड आहे.

'एन्हान्स'ची मुळे 'उंच' या अर्थाच्या 'आल्तुस' या लॅटिन शब्दात आहेत आणि पूर्वी ते किंमत, कर, रक्कम चढवण्यासाठीही वापरले जात असे. तो जुना अर्थ कायद्याच्या भाषेत टिकून राहिला आहे, आणि अर्ज लिहिणाऱ्यांची गफलत बहुधा येथेच होते. भूसंपादनाच्या दाव्यात न्यायालय मोबदल्याची रक्कम वाढवते, तिला 'एन्हान्स्ड कॉम्पेन्सेशन', म्हणजे आपला वाढीव मोबदला, म्हणतात; त्यात दर्जाचा काही संबंध नाही. २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ३७७ मध्ये शिक्षा वाढवण्यासाठी 'एन्हान्स' हेच क्रियापद होते, आणि आरोपीला आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय तशी वाढ करता येणार नाही, असे ते कलम सांगत असे. शिक्षेत काही चांगले खुलत नाही, तरीही तेथे हे क्रियापद बरोबरच होते.

न्यायालयाबाहेरच्या आजच्या इंग्रजीत मात्र 'एन्हान्स' जवळजवळ नेहमी इष्ट गोष्टींबरोबर येते. गोदावरीतले प्रदूषण 'एन्हान्स' झाले, असे लिहिल्यास वाचणाऱ्याला प्रदूषण सुधारले की काय, असा विचित्र भास होतो. तेथे साधे 'इन्क्रीज' लिहावे. निव्वळ संख्येलाही 'एन्हान्स' शोभत नाही. वर्गातल्या विद्यार्थ्यांची संख्या 'इन्क्रीज' होते, अपुरा शिक्षकवर्ग नव्या नेमणुकांनी 'ऑगमेंट' होतो आणि त्यातून शिकवण्याचा दर्जा 'एन्हान्स' होतो.