सोलापुरातील आडनावशोध

जुनी खरेदीखते व गहाणखते, गावदप्तर आणि शिरगणतीवरून तयार झालेल्या याद्या एकमेकींशी ताडून घराण्याच्या आडनावाचा माग काढण्याची पद्धत. मराठी, कन्नड, तेलुगू व दखनी बोलणारी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्यामुळे सोलापुरात एकाच घराचे नाव निरनिराळ्या दप्तरांत निरनिराळ्या रूपांत सापडते. वारसनोंद व जातपडताळणी ही शोधाची नेहमीची निमित्ते. कुणबी नोंदी तपासण्यासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून मोडी वाचकांचे काम वाढले.

‘आडनाव’ या शब्दातील ‘आड’चा उगम वादाचा आहे. मूळ नावाच्या आडोशाने येणारे, म्हणजे दुय्यम नाव, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. कन्नडमधील ‘अड्डहेसरु’ची घडण हुबेहूब अशीच असल्याने सीमाभागात तरी दोन्ही शब्दांचा संबंध असावा, हे मत अधिक पटण्याजोगे वाटते. तेलुगूतील ‘इंटिपेरु’ची कल्पना मात्र वेगळी : ते घराचे नाव असून व्यक्तिनावाच्या आधी येते. हा फरक केवळ भाषिक नाही. दप्तरातील बऱ्याच घोटाळ्यांचे मूळ त्यातच आहे. ‘गड्डम राजय्या’ असे सांगणाऱ्या विणकराचे ‘गड्डम’ हे व्यक्तिनाव आणि ‘राजय्या’ हे आडनाव, असे मराठी कारकुनाने धरले की ते घराणे सूचीत भलत्याच अक्षराखाली जाते. १८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ ही सोलापुरातील पहिली कापडगिरणी निघाल्यानंतरच्या काळात तेलंगणातून आलेल्या कुटुंबांच्या बाबतीत ही उलटापालट गृहीत धरूनच शोध घ्यावा लागतो.

जुन्या कागदांत आडनाव नसणे ही चूक समजू नये. साधारणतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नाव, बापाचे नाव, जात, धंदा व राहण्याचे ठिकाण एवढ्यावर ओळख पुरी होई. ‘बिन’ व ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. नंतर नक्कल करणाऱ्याने ‘बिन’ नावालाच जोडून टाकला, तर नसलेले आडनाव जन्माला येते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकलेल्या मोडीत शब्द सुटे लिहीत नसत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसत आणि अनुस्वार बहुधा गाळत. त्यामुळे ‘कोंडा’ आणि ‘कोडा’ यांतला फरक कागदावर उरतोच असे नाही. तारखेतही शके, फसली (महसुली कामासाठी वापरले जाणारे साल) व इसवी सन यांची सरमिसळ असते. शकात ७८ किंवा ७९, तर दक्षिणेकडील फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात.

शिरगणतीकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. १८७२ पासूनच्या शिरगणत्यांचे छापील अहवाल मिळतात, पण ते आकड्यांचे. घरोघरचे तक्ते संशोधकाच्या हाती येत नाहीत आणि १९४८ च्या जनगणना कायद्याने वैयक्तिक नोंदी पाहण्यास बंदी आहे. अपवाद १९५१ चा. त्या वेळी गणनेच्या चिठ्ठ्यांवरून नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर उतरवले गेले. ते जिथे टिकले तिथे उपयोगी आहे, मात्र चिठ्ठीतले चुकीचे नाव त्यात तसेच आले, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नये. गावी जन्म-मृत्यूचे कोतवाल बुक जोडीला घ्यावे.

सर्वांत भरवशाचा आधार म्हणजे नोंदणीकृत दस्त. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार स्थावर मिळकतीच्या दस्तांच्या दोन सूची असतात. पहिली लिहून देणार व लिहून घेणार यांच्या नावांची, दुसरी मिळकतीची. हीच लोकांच्या तोंडची ‘इंडेक्स टू’. फी भरून त्या कोणालाही पाहता येतात. नावाची सूची फसली की मिळकतीच्या सूचीवरून जावे : साखर पेठ, बाळीवेस वा दक्षिण कसब्यातील घराचा नंबर धरून एकामागून एक दस्त काढले, तर नाव कितीही बदललेले असो, घर सापडते. तरीही अडले, तर शेजाऱ्याच्या दस्तातील चतुःसीमा वाचावी. ‘पूर्वेस अमक्याचे घर’ हे शेजाऱ्याने सांगितलेले नाव असते, म्हणजे पेठेत त्या घराला खरोखर काय म्हणत ते. घराण्याच्या स्वतःच्या खतात बिघडलेले आडनाव इथे पुष्कळदा शाबूत मिळते. प्रस्तुत नोंदीत या साधनाला मुद्दाम अग्रक्रम दिला आहे. एवढे हाताशी असूनही ते फार थोडे वापरले जाते.

दप्तर कोठे शोधायचे, हे जिल्ह्याच्या घडणीवर ठरते. १८३८ मध्ये सोलापूर हे अहमदनगरचे उपजिल्हा झाले, १८६४ मध्ये ते मोडले आणि १८७१ मध्ये जिल्हा पुन्हा बांधला गेला. त्या वेळी पंढरपूर व सांगोला साताऱ्याकडून आले, १८७५ मध्ये माळशिरस जोडले गेले. अक्कलकोट १९४८ पर्यंत संस्थान होते. त्यामुळे माळशिरसचा जुना कागद सोलापुरात मिळाला नाही, म्हणून तो नष्ट झाला असे मानण्याची घाई नको. ग्रामीण भागात गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या सांगणाऱ्या हेळवी लोकांकडील वंशावळीही उपयोगी पडतात. पण त्या जपणाऱ्याच्या परंपरेतून आलेल्या असल्याने दस्ताशी पडताळूनच घ्याव्यात.

स्त्रियांचा माग सर्वांत आधी तुटतो. ‘कोम’ने सासरचा पुरुष कळतो, माहेर कळत नाही. बापाने वा भावाने मुलीच्या नावे केलेले बक्षीसपत्र मिळाले, तर त्यात लिहून देणाराच्या नावाने माहेरचे घर उघड होते.