बिग अलचे दुखरे बोट

संग्रहालयातला मांसाहारी डायनासोर बहुतेकदा जबडा वासून उभा असतो. मला मात्र अ‍ॅलोसॉरस म्हटले की त्याच्या उजव्या पायाचे मधले बोट आठवते.

हे बोट 'बिग अल' नावाच्या एका अ‍ॅलोसॉरसचे. 1991 मध्ये अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात, शेल गावाजवळ, स्वित्झर्लंडहून आलेल्या शोधकांना त्याचा सांगाडा सापडला. जमीन सरकारी निघाली, म्हणून तो बाहेर काढण्याचे काम म्युझियम ऑफ द रॉकीज आणि वायोमिंग विद्यापीठाकडे गेले. सुमारे 95 टक्के सांगाडा हाती लागला. 1877 मध्ये ओथनिएल मार्श या अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञांनी अ‍ॅलोसॉरसला 'वेगळा सरडा' अशा अर्थाचे हे नाव दिले, तेव्हा त्यांच्यापुढे जेमतेम काही तुटके अवशेष होते. ते पाहता बिग अल म्हणजे घबाडच!

सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी जवळपास 8 मीटर लांब होता, आणि तरीही त्याची पूर्ण वाढ झालेली नव्हती. एवढ्या वयातच त्याच्या 19 हाडांवर मोडल्याच्या किंवा संसर्गाच्या खुणा होत्या. फासळ्या, मणके, हाताचे बोट, पायाची हाडे, काहीच सुटले नव्हते.

मेल्यानंतर मोडलेले हाड तसेच राहते. जिवंतपणी मोडलेल्या हाडाभोवती मात्र नवे हाड साचते, गाठ धरते आणि तुटलेली टोके सांधली जातात. बिग अलच्या फासळ्यांवर अशा गाठी आहेत. म्हणजे तो धडपडला असेल, एखाद्या अवाढव्य भक्ष्याच्या शेपटीचा तडाखा खाल्ला असेल, पण त्यातून उठून पुन्हा शिकारीला लागला होता.

हे तडाखे नुसते कल्पनेतले नाहीत. दुसऱ्या एका अ‍ॅलोसॉरसच्या शेपटीच्या मणक्याला भोक पडलेले आहे आणि स्टेगोसॉरस या पाठीवर हाडांची तकटे असलेल्या शाकाहारी डायनासोरच्या शेपटीवरचा काटा त्यात नेमका बसतो. उलट एका स्टेगोसॉरसच्या मानेवरच्या तकटाचा जो लचका तुटला आहे, त्याचा आकार अ‍ॅलोसॉरसच्या तोंडाशी जुळतो. शिकार करणाऱ्याला प्रत्येक घासासाठी जीव पणाला लावावा लागत होता, याचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

बिग अलच्या फासळ्या सांधल्या, बोट मात्र बरे झाले नाही. जंतू हाडाच्या आत शिरले होते. शरीराने त्या सडक्या भागाभोवती नव्या हाडाचे कवच चढवून संसर्ग कोंडायचा प्रयत्न केला. असे कवच एका रात्रीत तयार होत नाही. दुखणे बराच काळ चाललेले असणार. अ‍ॅलोसॉरस तीन बोटांवर चालायचा, आणि त्यांतले मधले बोट सर्वांत लांब. दोन पायांवर धावणाऱ्या, टनाहून जड प्राण्याचा भार पावलागणिक याच सुजलेल्या बोटावर पडत होता.