गीर आणि अमेरिकी ब्रह्मन: तोंड बघू नका, मागची बाजू बघा

ब्राझीलच्या वियातिना-19 गायीची बातमी मोबाइलवर फिरायला लागली की खाली प्रश्न ठरलेला: "भाऊ, दूध किती लिटर देते?" 2023 च्या लिलावात तिचा एक तृतीयांश हिस्सा विकला गेला आणि त्या भावाने अख्ख्या गायीची किंमत 40 लाख डॉलरच्या वर गेली. वजन 1,101 किलो. ही गाय नेलोर जातीची, म्हणजे आंध्रातल्या ओंगोलच्या वंशातली. एवढा पैसा लागला तो तिच्या वंशातून मांसासाठी दणकट जनावरं तयार व्हावीत म्हणून. दुधाचा तिथे संबंधच नाही. तरी फोटोखाली कोणी "आपली गीर परदेशात" लिहितं, दुसरा अमेरिकी ब्रह्मन या मांसाच्या जातीचा राखाडी वळू डकवतो आणि धुळ्या-जळगावात माणसं त्याचं सिमेन (गाय भरवायला लागणारं वळूचं वीर्य) कुठे मिळेल म्हणून विचारत सुटतात. मला संताप येतो तो इथे, कारण इथून पुढे गोठ्यातली एक पिढी वाया जाऊ शकते.

गीर आपल्याला नव्याने सांगायला नको. सौराष्ट्रातली दुधाची गाय, तांबडी किंवा ठिपक्यांची, फुगीर कपाळ, पानासारखे लोंबते कान. एका वेताला, म्हणजे व्याल्यापासून आटेपर्यंत, सरासरी 2000 लिटरच्या आसपास दूध. एवढं पुरे.

ब्रह्मन मात्र भारतात कधीच नव्हती. ती अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत घडली. 1854 मध्ये लुइझियानातल्या रिचर्ड बॅरो या शेतकऱ्याला इंग्रज सरकारने दोन भारतीय वळू भेट दिले. कापूस आणि ऊस कसा करायचा हे त्याने इंग्रजांना शिकवलं होतं, त्याची ती परतफेड. कापसावर जगणाऱ्या खान्देशात ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते, याचं मला नेहमी नवल वाटतं. पुढे टेक्सासच्या पशुपालकांनी आपल्याकडची, भारतातली जनावरं आणखी मागवली. 1906 च्या सुमारास पिअर्स रँचने केलेली आयात त्यातली मोठी. 1920 च्या दशकात ब्राझीलहून मेक्सिकोमार्गे आणखी वळू आले. गुजरातेतली कांक्रेज, ओंगोल, गीर आणि आपल्या सांगलीकडची कृष्णा खोरी, या चौघांचं रक्त एकत्र करून नवी जात उभी राहिली. 1924 मध्ये तिची संघटना स्थापन झाली आणि ब्रह्मन हे नाव तेव्हाच पक्कं झालं.

त्यांना ही जनावरं का हवी होती? गोचीड आणि ऊन. गोचिडातून पसरणाऱ्या तापाने तिकडे युरोपी वंशाची गुरं पटापट मरायची. तो ताप गोचिडीमुळेच होतो हे 1893 मध्ये सिद्ध झालं. आपल्या गुरांच्या अंगावर गोचीड कमी टिकते, कातडी सैल आणि काळसर, केस आखूड, घाम भरपूर. तिथल्या शॉर्टहॉर्न किंवा अँगस या युरोपी जातींच्या कळपात हे रक्त मिसळलं की वासरं तगायची आणि वजन धरायची. सांता गर्ट्रूडिस (तीन अष्टमांश ब्रह्मन, पाच अष्टमांश शॉर्टहॉर्न) आणि ब्रँगस या जाती अशाच तयार झाल्या.

म्हणून "ब्रह्मन उन्हाला चिवट, भुसावळच्या उन्हाळ्यात टिकेल" हा युक्तिवाद मला पटत नाही. टिकेलच. तो चिवटपणा इथूनच गेलेला आहे आणि आपल्या गोठ्यातल्या गावठी गायीतही तो आहे. त्यासाठी टेक्सासपर्यंत जायचं कारण काय?

आता खरा घोळ. वशिंड, गळ्याखालची पोळी, लोंबते कान हे सारं गीर आणि ब्रह्मन दोघींत दिसतं, कारण पूर्वज सामाईक आहेत. तांबड्या ब्रह्मनमध्ये गीरचं रक्त जास्त असतं, तेव्हा समोरून पाहणारा फसतोच. पण शंभर वर्षं माणसाने कशासाठी निवड केली हे कपाळावर दिसत नाही.

हे समजायला चोपडा-रावेरकडचा निमाडी बैल पुरेसा आहे. त्याच्यात गीरचं आणि खिल्लारचं रक्त मानतात. तांबडा रंग, त्यावर पांढरे शिंतोडे, कपाळ गीरसारखं फुगीर. तरी निमाडी गायीकडून गीरएवढ्या दुधाची अपेक्षा सातपुड्याच्या पायथ्याशी कोणी धरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चांगल्या ओढकामाचा गोऱ्हा पाहून वंश ठेवला, मग जनावर ओढीचंच होणार. ब्रह्मनचं तेच झालं, फक्त तिथे ओढीऐवजी वजन पाहिलं. गीरचं रक्त दोघांत आहे, पण काम वेगवेगळं आहे.

त्यामुळे जनावर मागून बघा. दुभत्या गीरची मागची बाजू मोकळी असते, दोन मांड्यांमध्ये कासेला जागा, पोटाखालची दुधाची शीर जाड, सड सुटे. ब्रह्मन गायीची पाठ रुंद, कंबर भरीव, मांडी बाहेरून गोल फुगलेली आणि कास आपल्या वासरापुरती. वळू 700 ते 1,000 किलोपर्यंत जातो. फोटो फक्त तोंडाचा असेल तर मी त्यावर बोलतच नाही.

ब्राझीलमध्ये भरपूर दूध देणारी गीर नाही का? आहे. तिथे दुधाच्या गीरचा वेगळा कळप जपला, 1985 पासून वळूंच्या मुलींचं दूध मोजून वळू पारखले, म्हणून ती इतकी पुढे गेली. ते श्रेय नेलोरच्या फोटोला देऊन टाकणं त्या लोकांच्या कामावर अन्याय आहे आणि आपल्या शेतकऱ्याची सरळ दिशाभूल आहे.

महाराष्ट्रात 2015 पासून गोऱ्हे आणि बैल यांच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हणजे आपल्या गोठ्यात गायीने दूध द्यायचं किंवा गोऱ्ह्याने औत ओढायचं. ब्रह्मनची निवड या दोन्हींसाठी झालेली नाही. परदेशी नाव सांगून कोणी सिमेन आणलं, तर वळूचं वजन आणि फोटो बाजूला ठेवा आणि त्याच्या आईचं वेताचं दूध लेखी मागा. कागद नसेल तर या वेळी त्या सिमेनने गाय भरवू नका. 21 दिवसांनी गाय पुन्हा माजावर येते.