लिंडन

उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण पट्ट्यातील पानझडी वृक्षांची प्रजाती. शास्त्रीय नाव टिलिया. जाती सुमारे ३०. पूर्वी तिचे टिलिएसी हे स्वतंत्र कुल मानत, आता ती माल्व्हेसी म्हणजे भेंडी-जास्वंदीच्या कुलात धरतात. फालसा, ज्यूट आणि सह्याद्रीतील धामण वृक्ष हे तिचे आपल्याकडील नातलग. धामणीच्या ‘ग्रेविया टिलिफोलिया’ या नावाचा अर्थच ‘लिंडनसारख्या पानांची’ असा आहे.

पान हृदयाकृती, दातेरी कडांचे, तळाशी किंचित तिरपे. खरी खूण फुलोऱ्यात असते. त्याचा देठ एका लांबट, फिकट हिरव्या, कागदी पातीला अर्ध्यापर्यंत जोडलेला असतो आणि फळे पिकली की तीच पाती पंख होऊन त्यांना वाऱ्यावर नेते. युरोपातील दोन मुख्य जाती पान उलटून ओळखाव्यात : शिरांच्या बेचक्यात तांबूस केसांचे झुबके असतील तर लहान पानांचा लिंडन, पांढरट असतील तर मोठ्या पानांचा. रस्त्याकडेला बहुधा या दोहोंचा संकर लावलेला दिसतो.

नावाची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. जुन्या इंग्रजीत झाडाला ‘लिंड’ म्हणत. ‘लिंडन’ हे त्याचे विशेषण, म्हणजे ‘लिंडच्या लाकडाचे’. पुढे विशेषणच नाम झाले. ढाली याच हलक्या लाकडाच्या करत, म्हणून जुन्या काव्यात ‘लिंड’चा अर्थ ढाल असाही होतो. ब्रिटनमध्ये ‘लिंड’चे ‘लाइन’ आणि मग ‘लाइम’ झाले. लिंबाच्या फळाच्या ‘लाइम’शी त्याचा काहीही संबंध नाही, तो शब्द अरबी-फार्सीतून आलेला, आपल्या ‘लिंबू’चा सोयरा. त्यामुळे ‘लाइमवुड’चे भाषांतर ‘लिंबाचे लाकूड’ असे करणे ही सरळ चूक आहे. स्लाव्ह भाषांत हे झाड ‘लिपा’. पोलिश भाषेतील जुलै महिना ‘लिपिएत्स’ आणि जर्मनीतील लाइपझिग शहर यांची नावे त्यावरून पडली. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांचे आडनावही त्यांच्या वडिलांनी घराण्याच्या जमिनीतील लिंडनवरूनच घेतले होते.

लाकूड फिकट पिवळसर, मऊ, वासहीन. वाळल्यावर वजन घनमीटरला साधारण ५०० किलोग्रॅम. रसवाहिन्या बारीक आणि सर्वत्र सारख्या पसरलेल्या असल्यामुळे पटाशी रेषेच्या उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना जवळजवळ सारखीच चालते. कोरीव कामासाठी याहून मोठा गुण नाही. पोलंडमधील क्राकूव्हच्या चर्चमधील, मूर्तिकार फाइट श्टोस यांच्या भव्य वेदीतील (१४७७–८९) मूर्ती याच लाकडाच्या, तिची चौकट मात्र ओकची. इंग्लंडमध्ये ग्रिनलिंग गिबन्स यांनी याच लाकडातून फुलांच्या माळा कोरल्या. जर्मन मूर्तिकार टिलमन रीमेनश्नायडर यांनी म्युनरश्टाटच्या चर्चची वेदी (१४९०–९२) न रंगवता सोडली होती. काही वर्षांनी श्टोस यांच्याकडून ती रंगवून घेण्यात आली.

अडचण वाळवताना येते. अमेरिकन लिंडन पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या दिशेने सुमारे ९.३ टक्के आणि केंद्राकडून सालीकडे ६.६ टक्के आकसतो. या फरकामुळे अखंड ओंडका परिघाकडून आत तडकतो. म्हणून मोठ्या मूर्तीसाठी ओंडका उभा चिरून मधला भेंड काढतात आणि पाठ पोखरतात. भिंत पातळ झाली की ताण सुटतो. एकदा नीट वाळले की लाकूड फारसे हलत नाही.

धार मात्र वस्तऱ्यासारखी हवी. बोथट पटाशी तंतू कापत नाही, चिरडते. तिथे लव उठते आणि घासकागदाने ती वाढतेच. रंगद्रव आधी पातळ लाखेचा हात न देता लावला तर डाग पडतात. स्क्रूची पकड कमकुवत असते. उघड्यावर हे लाकूड लवकर कुजते आणि घरात भुंगे पोखरतात.

सालीच्या आतील थराचे वाख काढतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, झाडात रस चढलेला असताना साल सहज सुटते. ती कित्येक आठवडे पाण्यात बुडवून ठेवली की थरांना जोडणारा चिकट भाग कुजतो आणि फितीसारखे पदर सुटे होतात. लवकर काढली तर पदर चिकटून राहतात, फार राहिली तर वाख दुबळा होतो. याचे दोर वळत. रशियातील ‘लापती’ ही विणलेली पादत्राणेही याचीच.

काढ्यासाठी फुले उमलल्यावर लगेच, पातीसकट खुडून सावलीत पातळ पसरून वाळवतात. उशीर झाला की फळे धरतात आणि सुगंध जातो. कपभर उकळत्या पाण्याला दीड ग्रॅम पुरतात. फुलांवर मधमाश्या तुटून पडतात आणि मधही उत्तम मिळतो. पानांवरचा मावा गोड चिकट थेंब टाकतो, म्हणून झाडाखाली लावलेली वाहने चिकट होतात. त्यासाठी फुलोऱ्यात कीटकनाशक फवारणे घातक : २०१३ मध्ये अमेरिकेतील ऑरेगनमधील विल्सनव्हिल येथे अशा फवारणीने हजारो भुंगेमाश्या (बंबलबी) मेल्या.